गाडी येते, पण धास्ती वाटते: कोल्हापुरात पुन्हा मोकळेपणाने स्टिअरिंग हातात घेण्यासाठी

लायसन्स आहे, गाडी दारात उभी आहे, चालवताही येते. पण किल्ली हातात घेतली की पोटात गोळा येतो. आदल्या रात्रीपासून डोक्यात एकच चक्र: कुठल्या रस्त्याने जायचं, पार्किंग मिळेल का, चढावर गाडी मागे सरकली तर काय. एकेकाळी सुट्टीच्या सकाळी नुसतं भटकायला म्हणून पन्हाळ्यावर जाणारी माणसं हळूहळू "केएमटीच्या बसनं जातो की" म्हणायला लागतात, आणि घरच्यांना त्याचं कारण कळत नाही. हा लेख अशा माणसांसाठी आहे. ज्यांना गाडी अजून येतच नाही त्यांनी आधी ती शिकावी. त्यांची भीती रास्त आहे, तिला आजार समजू नये.

माझं बिनसलं ते हायवेवर, शिरोलीजवळच्या एका ट्रॅफिक जाममध्ये. अपघात नाही, धक्का नाही. अचानक छाती धडधडायला लागली, हात गार पडले, वाटलं आता इथेच कोसळणार. कोसळले नाही, पण पुढे बरेच महिने गाडी म्हटली की तोच क्षण आठवायचा. खाली जे लिहिलंय ते काही डॉक्टरांकडून कळलेलं, काही समुपदेशनात शिकलेलं आणि सगळं आपल्याच रस्त्यांवर पारखून घेतलेलं आहे.

भीती पूर्ण गेल्यावरच गाडी चालवायची असं ठरवलंत, तर बॅटरी उतरेल, भीती उतरणार नाही. थोडी धडधड सोबत घेऊन चालवायला शिकायचं आहे. ती कमी होते, पण नंतर.

१. आधी ओळखा: भीती कशाची आहे?

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग एकाचं औषध दुसऱ्या दुखण्याला लावत बसतात. साधारण चार प्रकार आहेत.

पहिला, हात कच्चा असणं. हाफ क्लचवर गाडी धरता येत नाही, रिव्हर्सला मागचा अंदाज येत नाही, लेन बदलताना आरशात बघायचं सुचत नाही. इथे भीती तुम्हाला खरी माहिती देते आहे. समुपदेशक नको, चांगला ट्रेनर हवा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ट्रेनरच्या बाजूलाही ब्रेक असतो, तसा नियमच आहे. लायसन्स असलेल्यांनीही आठ-दहा दिवसांची उजळणी करण्यात कमीपणा मानू नये. मात्र आधीच सांगा, "मला मैदान नको, मला चढ, रिव्हर्स आणि चौक हवेत." नाहीतर रोज त्याच सरळ रस्त्यावरून फिरवून आणतात.

दुसरा, शरीराचं काहीतरी. थायरॉइड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल, साखर खाली जात असेल, चक्कर येण्याचा त्रास असेल, तरी धडधड आणि घाम येतो. समोरच्या हेडलाइटने डोळे दिपत असतील तर चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्या. रक्त, बीपी आणि डोळे हे आधी उरकून घ्या. आणि उपाशीपोटी तीन कप चहा पिऊन गाडीवर बसत असाल, तर निम्मी धडधड चहाची आहे.

तिसरा प्रकार म्हणजे निखळ चिंता. गाडी नीट येते, तब्येत ठीक, तरी घाबरायला होतं. ओळखायची एक साधी खूण आहे: शेजारी कुणी बसलं की भीती निम्मी होते का? शेजारच्या माणसाच्या पायाखाली ना ब्रेक असतो ना क्लच. तरी त्याच्या नुसत्या असण्याने फरक पडत असेल, तर अडचण हातात नाही, मनात आहे. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

चौथा, अपघातानंतरची भीती. तो प्रसंग डोळ्यांसमोर परत परत येणं, वाईट स्वप्नं, हॉर्न ऐकला तरी दचकणं हे महिनाभरानंतरही चालू असेल, तर भाग ४ मधली सरावाची शिडी एकट्याने चढू नका. आधी भाग ७ वाचा.

२. कागदपत्रं आणि सामान

भीती असलेल्या माणसाला पोलीस मामांनी बाजूला घेतलं की अर्धा दिवस वाया जातो. म्हणून कागद चोख ठेवा.

- ड्रायव्हिंग लायसन्स. बरीच वर्षं गाडी चालवली नसेल तर मुदत बघा. संपून वर्ष व्हायच्या आत सारथी पोर्टलवरून नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. चाळिशी ओलांडली असेल तर नमुना १-अ चं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.
- आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रतही चालते. नेट नसेल तर पंचाईत नको म्हणून ॲप घरीच उघडून एकदा खात्री करा.
- आरशावर चिकटवायचे छोटे गोल बहिर्वक्र आरसे. स्वस्त असतात. बाजूने कट मारून जाणारी दुचाकी वेळेत दिसते, आणि आपल्याकडे निम्मी दचकणी तिथूनच येतात.
- छोटी वही. कशासाठी ते पुढे येईल.
- पाण्याची बाटली, परावर्तक त्रिकोण, टॉर्च.
- पायात घट्ट बसणारे, रबरी तळाचे बूट किंवा सँडल. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, पण चामड्याचा कडक तळ पेडलवरून घसरतो आणि मागे पट्टा नसल्याने ती पायातून निघते. ती मागच्या सीटवर ठेवा, उतरल्यावर घाला.

तुमची सगळी भीती चढावरच्या क्लचभोवती फिरत असेल आणि गाडी तशीही बदलायची असेल, तर सरळ ऑटोमॅटिक घ्या. त्यासाठी वेगळं लायसन्स लागत नाही. "गिअरची चालवता आली पाहिजे" हा हट्ट बहुतेक वेळा दुसऱ्यांचा असतो.

३. शरीरात काय होतं ते एकदा समजून घ्या

मेंदूला धोका वाटला की ॲड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, तळवे घामेजतात. हे सगळं पळून जाण्यासाठी किंवा लढण्यासाठी आहे, आणि तुम्ही मात्र सीटबेल्ट लावून दसरा चौकातल्या सिग्नलला बसलेले असता. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं वाटतं. "मी बेशुद्ध पडणार" असं वाटतं ते त्यामुळे. पण बेशुद्ध पडायला साधारणपणे रक्तदाब खाली यावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो उलट वर जातो. ही लाट काही मिनिटांत टोकाला पोचते आणि मग ओसरायला लागते.

ती ओसरण्याआधीच आपण गाडी वळवून घरी आलो, तर मेंदू काय शिकतो? "बघ, पळालो म्हणून वाचलो." पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो. आधी हायवे सुटतो, मग स्टेशन रोड, मग शेजारच्या गल्लीतलं दुकानही. म्हणून उपाय उलट्या दिशेचा आहे: थोडी भीती वाटेल अशा जागी जायचं आणि ती उतरेपर्यंत तिथे राहायचं. दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांनी १९५८ साली पायरीपायरीने भीती कमी करण्याची पद्धत मांडली. आजच्या उपचारांत तिची रूपं बदलली आहेत, पण पायऱ्यांची कल्पना टिकून आहे.

४. तुमची शिडी, कोल्हापूरच्या रस्त्यांवर

वही काढा. तुम्हाला नकोसे वाटणारे प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे ० ते १० मध्ये भीतीचा आकडा टाका. ३ किंवा ४ आकडा असलेल्या प्रसंगापासून सुरुवात करा. ० वाल्यातून काही शिकायला मिळत नाही आणि ९ वाल्यावर पहिल्याच दिवशी उडी घेतलीत तर पुन्हा महिनाभर गाडीचं तोंड बघणार नाही.

दर वेळी निघण्याआधी, मध्ये आणि परत आल्यावर आकडा लिहायचा. एका फेरीला किमान वीस मिनिटं ते अर्धा तास द्या, कारण लाट उतरायला तेवढा वेळ हवाच. आठवड्यातून तीन-चार वेळा थोडं थोडं जमवा. रविवारी एकदाच चार तास चालवून तो परिणाम मिळत नाही. एका पायरीवर आकडा साधारण निम्म्यावर आला की पुढे सरका.

माझ्या ओळखीच्या लोकांच्या वह्यांतून एकत्र केलेली शिडी देते. तुमचा क्रम वेगळा असेल.

पायरी अ: दारातली गाडी. नुसतं बसा. सीट, आरसे, बेल्ट. मग इंजिन चालू करून दहा मिनिटं बसा. हे हास्यास्पद वाटेल. ज्याला वाटतं त्याने सोडून द्यावं, पण ज्याचा आकडा इथेच ४ आहे त्याने इथूनच निघावं.

पायरी आ: ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क, सकाळी सातच्या आत. रस्ते रुंद, झाडी, वळणं भरपूर, आणि गाडी बंद पडली तरी मागे रांग लागत नाही. इथे मुद्दाम गाडी बंद पाडा. हो, मुद्दाम. क्लच सोडा, गाडी गचका देऊन थांबेल. पुन्हा चालू करा. असं चार-पाच वेळा केलं की "बंद पडली तर?" या प्रश्नातली हवा जाते. मात्र मागेपुढे कुणी नाही हे बघून.

पायरी इ: सायबर चौक ते शिवाजी विद्यापीठ आणि पुढे. सरळ, रुंद रस्ता, तिसरा-चौथा गिअर पडतो. वेगाची भीती असणाऱ्यांना हा चांगला. कॉलेज सुटायची वेळ टाळा, दुचाक्यांचा लोंढा असतो.

पायरी ई: रंकाळ्याकडून फुलेवाडी, बालिंगा. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांनी रस्त्याची कड व्यापलेली असते, त्यामुळे हळू चालवायला आपोआप शिकता. संध्याकाळी चौपाटीच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. ती पायरी पुढची.

पायरी उ: दुपारच्या वेळी दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टेशन रोड. इथे भीती वेगाची नसते, मागच्या हॉर्नची असते. सिग्नल हिरवा होऊन एक सेकंद होत नाही तोवर मागे पीं-पीं सुरू. हॉर्न वाजला की घाई करायची नाही हाच इथला सराव. आरसा बघा, पहिला गिअर, हाफ क्लच, निघा. मागच्याला तीन सेकंद उशीर झाला तर त्याचं काही बिघडत नाही. स्टेशनकडून राजारामपुरीत जायला परीख पूल लागतो. तिथे जागा अरुंद, समोरून रिक्षा, वर रेल्वे, आणि जोराच्या पावसात खाली पाणी. अनेकांच्या वहीत त्याचा आकडा ७ असतो. कोरड्या दिवशी दुपारी दोन-तीनदा ओलांडा. पावसात पाणी साठलं असेल तर कुणीच जाऊ नये, धाडसी माणसानेही.

पायरी ऊ: हायवे. उजळाईवाडीहून गोकुळ शिरगावपर्यंत जाऊन परत, मग पुढे कागल. आधी दोन-तीन वेळा सर्व्हिस रोडनेच जा, शेजारून जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजाची सवय होते. मग मुख्य रस्त्यावर शिरा. शिरताना रेंगाळणं धोक्याचं: आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, आणि वेग वाढवत आत. डावी लेन धरा. ट्रकने मागून डिपर मारला तरी तुम्ही डावीकडे आणि ठीक वेगात असाल तर तुमचं काही चुकत नाही. त्याला साइड हवी आहे, तो घेईल. एमआयडीसीच्या शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा. पुण्याच्या बाजूला सरावाला जाणार असाल तर सहापदरीकरणाच्या कामामुळे कुठे रस्ता वळवलाय ते निघण्याआधी मॅपवर बघा.

पायरी ए: पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, केर्ली आणि वाघबीळवरून. बहुतेक जण ही फेरी रविवारी ठरवतात आणि तिथेच फसतात. रविवार जोतिबाचा वार, त्यात पर्यटक. केर्लीच्या पुढे गाड्यांची माळ लागते, आणि चढावर थांबत थांबत जाणं म्हणजे हाफ क्लचवाल्याची सत्त्वपरीक्षा. साधा मंगळवार किंवा बुधवार धरा, सकाळी लवकर. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत त्या बाजूला सरावाला जाऊच नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क, उतरणाऱ्याने थांबायचं.

पायरी ऐ: गगनबावडा. साधारण ५५ किलोमीटर. गगनबावडा घाटमाथ्यावर असल्याने तिथपर्यंत घाट उतरावा लागत नाही. लांब पल्ल्याची भीती असेल पण घाटाची तयारी नसेल, तर हा रस्ता मधला टप्पा म्हणून फार चांगला. करूळ किंवा भुईबावडा घाट नंतर.

आणि पेठा? पापाची तिकटी, महाद्वार रोड, गंगावेस या भागात संध्याकाळी चारचाकी घेऊन जायला मी कुणालाच सांगणार नाही. तिथे गाडी न नेणं ही भीती नाही, अक्कल आहे. बिंदू चौकात गाडी लावा आणि अंबाबाईला चालत जा.

५. चालवताना मध्येच धडधड सुरू झाली तर

हा भाग शब्दशः पाठ करा, कारण त्या क्षणी काही सुचत नाही.

१) जिथे आहात तिथे ब्रेक मारू नका. पॅनिकमुळे नाही, अचानक थांबण्याने अपघात होतो.
२) वेग थोडा कमी करा, डावा इंडिकेटर द्या, डावी कड धरा. हायवेवर असाल तर पेट्रोल पंप, ढाबा किंवा सर्व्हिस रोड येईपर्यंत हळू चालत राहा. पुलावर आणि वळणावर थांबू नका.
३) श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. मोठमोठे श्वास ओढू नका, त्याने मुंग्या वाढतात. सोडायचा श्वास लांब हवा.
४) समोर दिसतं ते मोठ्याने बोला: "पांढरा टेम्पो. डावीकडे दुधाची गाडी. स्पीडब्रेकर." वेड्यासारखं वाटतं, पण लक्ष छातीतून निघून रस्त्यावर येतं. काचा बंद असतात, कोण ऐकतंय?
५) स्टिअरिंगवरची मूठ सैल करा, खांदे खाली.
६) थांबलात तर हँडब्रेक ओढा, पार्किंग लाइट लावा, पाणी प्या. आकडा ४ च्या खाली आला की ठरवलेल्या दिशेने थोडं तरी पुढे जा, निदान पुढच्या चौकापर्यंत, आणि मग परत फिरा. परतायचं कुठून हे धडधडीने ठरवू नये, तुम्ही ठरवावं.

एक अपवाद आहे. छातीत दाबल्यासारखी कळ, ती डाव्या हातात किंवा जबड्याकडे जाणं, दम लागणं असं काही असेल, विशेषतः चाळिशीपुढे किंवा बीपी-शुगर असताना, तर "पॅनिकच असेल" म्हणून बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा मदत हवी असेल तर १०३३.

६. शेजारी कोण बसणार?

सुरुवातीला सोबत लागते, लागू दे. पण माणूस निवडून घ्या. "अगं ब्रेक! ब्रेक!" करणारे अहो, पायाने हवेत ब्रेक दाबणारे सासरे, "आमच्या वेळी आम्ही ट्रक चालवलाय मर्दा" म्हणणारा चुलता, हे सगळे प्रेमाने बोलतात आणि तुमचा आकडा ३ वरून ८ वर नेतात. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो भाचीचा. ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची.

निघण्याआधी ठरवून घ्या: शेजारच्याने फक्त खरा धोका असेल तर "थांब" म्हणायचं. बाकी सूचना घरी चहाबरोबर. तुम्ही घाबरलात तर त्याने "घाबरू नको" म्हणायचं नाही, "आकडा किती?" एवढंच विचारायचं.

आणि ही सोबत टप्प्याटप्प्याने काढा. आधी शेजारी, मग मागच्या सीटवर, मग मागून दुसऱ्या गाडीत, मग फोनवर (गाडी थांबवूनच बोलायचं), मग एकट्याने. बरेच जण इथे अडकतात: वर्षभर चालवतात, पण कायम कुणाला तरी घेऊन. ती गाडी चालते, भीती मात्र जागची हलत नाही. देवाचा अंगारा, पर्समधली "अडीनडीची" गोळी, दर दोन मिनिटांनी नाडी बघणं, यांचंही तेच. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण "हे नसेल तर मी निघणारच नाही" असं झालं की ती कुबडी होते.

७. तज्ज्ञाकडे कधी आणि कुठे जायचं

दोन महिने नेटाने शिडी चढूनही आकडे हलत नसतील, गाडीबाहेरही धडधड होत असेल, झोप उडाली असेल, किंवा अपघातानंतरचा त्रास असेल, तर वाट बघू नका.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, बोलून आणि सरावातून काम करतात. अशा भीतीसाठी ज्याला सीबीटी म्हणतात ती, म्हणजे विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारी पद्धत विचारून घ्या. पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही प्रत्यक्ष सराव करून घेता का, की फक्त बोलणं?" सराव करून घेणारे बघा.

सीपीआरमध्ये म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येतं. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तिथे करायला सोपा जातो, कारण ओळखीचं कुणी भेटायची धास्ती नाही. कोल्हापूर तसं गावच आहे, दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या काकू भेटतातच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीची फी बसत नाही, तेव्हा कागद वाचून मगच आशा धरा.

औषध सुरू झालं तर डॉक्टरांना थेट विचारा: "हे घेऊन गाडी चालवू का?" अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी झोप येते आणि प्रतिक्रिया मंदावते. मैत्रिणीने दिलेली अर्धी गोळी घेऊन हायवेला लागणं हा भीतीपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच. "एक पेग मारला की हात मोकळा होतो" म्हणणाऱ्याच्या गाडीत तर बसूही नका.

८. आपल्याकडचे खास सापळे

ऊस. कारखाने साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या. रात्री अनेकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. हंगामात रात्रीचा सराव शहराबाहेर करू नका. दिवसा मागे अडकलात तर अंतर ठेवून चला. मागचे दहा जण ओव्हरटेक करून गेले म्हणून तुम्हीही केलंच पाहिजे असं नाही. समोरचा रस्ता दोन ट्रॉल्यांच्या पुढेपर्यंत मोकळा दिसला तरच बाहेर पडा, नाहीतर रसवंती बघून थांबा.

पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पातळी इशाऱ्याकडे निघाली की बंधारे आणि सखल रस्ते पाण्याखाली जातात, वाहतूक वळवली जाते आणि उरलेल्या रस्त्यांवर कोंडी होते. त्या दिवसांत सराव थांबवा. पण साध्या रिमझिमीत मुद्दाम बाहेर पडा, नागाळा पार्कातच. वायपर, काचेवरची वाफ, एसीचा डिफॉगर यांची सवय कोरड्या दिवशी होत नाही.

मोबाइल. अपघाताचे व्हिडिओ ग्रुपवर आले की न उघडता पुसून टाका. सीसीटीव्हीतले शेवटचे तीन सेकंद बघून कुणाला चांगली गाडी चालवता आल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

९. मजा परत आणायची तर

शिडीवर एक अडचण आहे: प्रत्येक फेरी परीक्षा होते. आकडा लिहा, पास झालो की नापास ते बघा. महिन्याभराने गाडी चालते, पण आनंद नाही. म्हणून आठवड्यातली एक फेरी वहीशिवाय काढा. आकडा नाही, काम नाही, पोचायची वेळ नाही. तुम्हाला आधीच सोपा झालेला रस्ता घ्या. मी कळंब्याकडून कात्यायनीला जाते. रस्ता ओळखीचा, शेवटी टेकडी आणि देऊळ. आवडीची गाणी लावा, पण आवाज असा की मागचा हॉर्न ऐकू येईल. भूक लागली तर वाटेत मिसळ खा.

गाडीत काय आवडायचं ते आठवून बघा. कुणाला एकटेपणा आवडतो, कुणाला वळणं, कुणाला चार माणसं कोंबून दंगा करत जाणं. ज्याला दंगा आवडायचा त्याने एकट्याने शांतपणे कात्यायनीला जाऊन काही होणार नाही. त्याने चार पायऱ्या झाल्या की मित्रांना घेऊन निघावं.

भीती मधूनच परत येते. आजारपण, बदली, घरातली काळजी, महिनाभर गाडी न चालवणं, काहीही निमित्त पुरतं. तेव्हा सगळी शिडी पुन्हा खालून चढायची नाही. शेवटच्या जमलेल्या पायरीच्या दोन पायऱ्या खाली या, तिथे दोन-तीन फेऱ्या करा, आणि वर निघा. पावसाळा संपल्यावर मी दर वर्षी हेच करते: ऑक्टोबरमध्ये आधी विद्यापीठाचा रस्ता, मग कागल, आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत मधल्या वारी एकदा पन्हाळा.